ट्रेलरचे सीओसी कागदावरून डेटावर नेताना: पीडीएफ काढून भागेल का?

प्रश्नकर्ते पुण्यातील एका अभियांत्रिकी केंद्रात काम करतात आणि त्यांची मूळ कंपनी नेदरलँड्समध्ये मालवाहू ट्रेलर बनवते. वर्षाला सुमारे दोन हजार ट्रेलर बाहेर पडतात. प्रत्येकाचे अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे आपण सगळे ज्याला सीओसी म्हणतो ते, आजवर एक्सेलमधून वर्डच्या साच्यात भरले जाते, सुरक्षा कागदावर छापले जाते आणि सही होऊन गाडीबरोबर जाते. आता त्यांना वरून निरोप आला आहे की ५ जुलै २०२६ पासून सीओसी डिजिटल होणार, तेव्हा सहा महिन्यांत छपाईऐवजी डिजिटल सहीचे पीडीएफ निघेल अशी व्यवस्था करावी. त्यांचे तीन प्रश्न आहेत: एवढ्याने भागेल का, एक्सएमएल (यंत्राला वाचता येईल अशी, खुणांनी बांधलेली डेटाची फाइल) तयार करणारे साधन विकत घ्यावे की स्वतः लिहावे, आणि सुरक्षा कागदाचा छापखाना बंद करावा का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते का नाही हे कळले की उरलेल्या दोन प्रश्नांचा बराचसा भाग आपोआप सुटतो. मी होमोलोगेशनच्या, म्हणजे वाहनांना सरकारी मंजुरी मिळवण्याच्या, कामात आधी पुण्यात आणि नंतर युरोपात मिळून वीसहून अधिक वर्षे घालवली आहेत, आणि त्यातली बरीचशी वर्षे सीओसीवरील चुका निस्तरण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून मला वाटते की आपल्यापुढचा खरा प्रश्न फाइलच्या स्वरूपाचा नाही. सीओसीवरील प्रत्येक रकान्यातील आकडा कोठून येतो, तो कोणाच्या जबाबदारीचा आहे आणि तो कोणत्या क्षणी कायम होतो, हे आपल्या कंपनीत लिहून ठेवलेले आहे का, हा तो प्रश्न आहे. बहुतेक मध्यम आकाराच्या कंपन्यांत ते लिहून ठेवलेले नसते. ते एका जुन्या जाणत्या माणसाच्या डोक्यात असते आणि कागद आहे तोवर त्याने भागून जाते.

आधी कायद्याचे पाहू. युरोपीय संघाच्या २०१८/८५८ या विनियमाने १ सप्टेंबर २०२० पासून जुन्या २००७/४६ या निर्देशाची जागा घेतली. त्याच्या ३७ व्या कलमानुसार ५ जुलै २०२६ पासून उत्पादकाने सीओसी ‘संरचित डेटा’च्या स्वरूपात, विनामूल्य आणि गाडी तयार झाल्यानंतर विनाकारण विलंब न लावता, ज्या संस्थेने संपूर्ण वाहनाचे टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या नमुन्याच्या वाहनाला मंजुरी, दिले तिच्याकडे उपलब्ध करून द्यायचे आहे. ज्याने असे केले त्याला गाडीबरोबर कागदी सीओसी देण्याच्या बंधनातून सूट मिळते. हा डेटा कसा मांडायचा आणि कसा पोचवायचा याचे तपशील २०२१/१३३ या अंमलबजावणी विनियमात आहेत. पीडीएफवर कितीही पक्की डिजिटल सही लावली तरी तो माणसाने वाचायचा दस्तऐवज राहतो. त्यातला एकूण भार किती हे यंत्राला कळण्यासाठी ते कोणीतरी पुन्हा हाताने भरावे लागते. ‘संरचित’ या एका शब्दापाशी पीडीएफची वाट संपते. आपल्या वरिष्ठांना हे कलम मूळातून दाखवावे, कारण ‘डिजिटल म्हणजे पीडीएफ’ हा समज मी चांगल्या जाणत्या लोकांतही पाहिला आहे.

येथे एक खुलासा करतो, कारण चाकण-पिंपरी भागातील अनेकजण हे वाचत असतील. २०१८/८५८ हा विनियम एम, एन आणि ओ या वर्गांचा, म्हणजे प्रवासी गाड्या, मालवाहू गाड्या आणि त्यांच्या ट्रेलरांचा आहे. दुचाकी, तीनचाकी आणि त्यांसारखी हलकी वाहने १६८/२०१३ खाली येतात आणि शेतीचे ट्रॅक्टर १६७/२०१३ खाली. त्यांनाही सीओसी असते, पण त्यांचा कायदा वेगळा आहे. त्यामुळे चाकणमधून युरोपात मोटारसायकली पाठवणाऱ्यांनी वरची तारीख आपल्याला जशीच्या तशी लागू धरू नये. आपले ट्रेलर ओ वर्गातले असल्याने आपला मार्ग सरळ आहे.

हा डेटा जातो कोठे, हेही नीट समजून घ्यायला हवे. आपल्याकडे वाहन नोंदणीची ‘वाहन’ ही संगणक प्रणाली वापरलेला माणूस म्हणेल की यात नवल काय, विक्रेत्याने चॅसिस नंबर टाकला की कंपनीने चढवलेली माहिती समोर येते आणि फॉर्म २२ चा, म्हणजे उत्पादकाच्या प्रमाणपत्राचा, कागद हा उपचार उरतो. तुलना काही अंशी बरोबर आहे, पण भारतात जवळजवळ देशभरासाठी एकच प्रणाली आहे, तर युरोपीय संघात २७ देशांच्या २७ नोंदणी व्यवस्था आहेत आणि त्यांच्या वर एखादे मोठे सामायिक कोठार नाही. उत्पादक आपला डेटा फक्त आपल्याला मंजुरी देणाऱ्या संस्थेकडे देतो. आपल्या ट्रेलरांच्या मंजुरी क्रमांकाची सुरुवात ‘ई४’ने होत असेल तर ती संस्था नेदरलँड्सची आरडीडब्ल्यू, ‘ई१’ने होत असेल तर जर्मनीची केबीए. ट्रेलर पोलंडमध्ये नोंदवायचा असला तरी पोलंडच्या कार्यालयाकडे आपण काही पाठवायचे नसते. ते कार्यालय युकॅरिस या देशादेशांतील देवाणघेवाण जाळ्यातून आरडीडब्ल्यूकडे चॅसिस नंबर देऊन विचारणा करते आणि नोंद त्याला मिळते. या नोंदीसाठी वापरल्या जाणाऱ्या संदेशाला ‘आयव्हीआय’, म्हणजे वाहनाची प्रारंभिक माहिती, असे नाव आहे आणि तो एक्सएमएलमध्ये असतो. म्हणून पहिले काम हे की आपल्याकडे कोणकोणत्या संस्थांच्या मंजुऱ्या आहेत त्यांची यादी काढावी. दोन संस्था असतील तर दोन दारे आहेत, आणि दोन्ही दारांवरची चाचणीची पद्धत सारखीच असेल असे गृहीत धरू नये.

आता कागद काय काय पोटात घालत होता ते सांगतो, कारण माझ्या मते सगळी गोम तेथे आहे. काही वर्षांपूर्वी मी एका ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीसाठी काम करत होतो. तेथील एका ग्राहकाने अवजारांची पेटी, जादा चाकाचा पाळणा आणि जाड फळ्यांचा तळ असे तिन्ही पर्याय घेतले होते. सीओसी करणाऱ्याने मात्र प्रत्यक्ष वजनाच्या रकान्यात नेहमीच्या मॉडेलचा आकडा टाकला. नोंदणी झाली आणि कागदोपत्री ट्रेलरची भारक्षमता खरी होती त्यापेक्षा जास्त दिसू लागली. ग्राहकाने वजनकाट्यावर ट्रेलर चढवला तेव्हा हे उघडकीस आले. मग काय झाले? आम्ही दुरुस्त सीओसी छापले, वर एक दिलगिरीचे पत्र लावले, कुरिअरने पाठवले, आणि नोंदणी कार्यालयातील बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडा बदलून दिला. त्या बाई म्हणजे आमच्या गुणवत्ता व्यवस्थेचा शेवटचा टप्पा होत्या, असे मी तेव्हा गमतीने म्हणत असे. कागदी व्यवस्थेत अशी डोळस आणि समजूतदार माणसे जागोजागी असतात. मंजुरी क्रमांकातला एखादा चुकलेला तारांकित भाग, टायरच्या मापातली विसरलेली तिरकी रेघ, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम, हे सगळे ती मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातात. डेटा थेट यंत्रातून यंत्रात जाऊ लागला की ही समजूत संपते, आणि जी चूक पूर्वी मधल्या टेबलावर अडायची ती एकतर दारातच नाकारली जाते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कोणाच्याही नजरेस न पडता नोंदणीत जाऊन बसते.

म्हणून कोणतेही साधन पाहण्याआधी आपल्या सीओसीचे सर्व रकाने एका तक्त्यात उतरवावेत आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या पातळीचा आहे ते लिहावे, असे मी सुचवीन. माझ्या हिशेबाने पातळ्या तीन आहेत. काही रकाने टाइपच्या पातळीवर ठरतात, म्हणजे मंजुरीच्या फायलीतून जसेच्या तसे येतात: उत्पादकाचे नाव व पत्ता, वर्ग, मंजुरी क्रमांक. काही रकाने व्हेरिएंट आणि व्हर्जनवर, म्हणजे त्या टाइपच्या प्रकार-उपप्रकारांवर, ठरतात: आसांची संख्या, आसांमधील अंतर, ब्रेकच्या जोडण्या, कपलिंगचा (ट्रेलर जोडण्याच्या सांध्याचा) वर्ग, बॉडीचा संकेतांक. आणि काही त्या एकाच ट्रेलरचे असतात: चॅसिस नंबर, निर्मितीची तारीख, प्रत्यक्ष वजन, बसवलेले टायर. पहिल्या पातळीचा मालक होमोलोगेशन विभाग, दुसरीचा डिझाइन, तिसरीचा उत्पादन विभाग. कागदी व्यवस्थेत तिन्ही पातळ्यांचे आकडे एकाच एक्सेल ओळीत एकाच माणसाने भरलेले असतात, आणि कोणता आकडा कोणी शेवटचा बदलला हे विचारले तर सांगता येत नाही.

पहिल्या पातळीवर सर्वांत जास्त घात करतो तो मंजुरीचा एक्स्टेन्शन क्रमांक. डिझाइनमध्ये बदल झाला की मंजुरीला एक्स्टेन्शन मिळते आणि क्रमांकाच्या शेवटचा भाग एकाने वाढतो. पण त्या दिवशी कारखान्याच्या आवारात जुन्या एक्स्टेन्शनखाली बनलेले ट्रेलर उभे असतात, काही अर्धवट असतात, आणि काहींचे सुटे भाग नुकतेच आलेले असतात. एक्सेलमध्ये मंजुरी क्रमांक साच्यातच लिहून ठेवलेला असला तर साचा बदलल्याच्या क्षणापासून पुढचे सगळे ट्रेलर नव्या क्रमांकाचे होतात, मग ते प्रत्यक्षात कोणत्याही ड्रॉइंगप्रमाणे बनलेले असोत. हा क्रमांक साच्यातून काढून प्रत्येक उत्पादन आदेशाशी बांधायला हवा. दुसऱ्या पातळीवरचा छुपा शत्रू म्हणजे व्हेरिएंट-व्हर्जनचे संकेतांक. चॅसिस नंबरमध्ये गोंधळ टाळण्यासाठी इंग्रजीतील आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वापरतच नाहीत. पण व्हर्जनचा संकेतांक उत्पादक स्वतः रचतो, तेथे असे पथ्य पाळलेलेच असते असे नाही. एका चाचणी-तुकडीत आमच्या कितीतरी नोंदी मंजुरीच्या फायलीशी जुळेनात. शोधता शोधता लक्षात आले की फायलीत जेथे शून्य होते तेथे एक्सेलमध्ये कोणीतरी वर्षानुवर्षे ‘ओ’ हे अक्षर टंकत आले होते. कागदावर दोन्ही सारखेच दिसत होते.

तिसऱ्या पातळीवर ट्रेलरवाल्यांनी वजनांकडे विशेष लक्ष द्यावे. सीओसीच्या १३ क्रमांकाखाली चालू स्थितीतील वजन असते आणि १३.२ खाली प्रत्यक्ष वजन, म्हणजे चालू स्थितीतील वजनात त्या गाडीवर बसवलेल्या ऐच्छिक साधनांचे वजन मिळवून येणारा आकडा. माझ्या वरच्या गोष्टीतील घोटाळा नेमका येथेच झाला होता. प्रत्येक पर्यायाचे वजन ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदणाऱ्या संगणक प्रणालीत, भरलेले असेल तर १३.२ आपोआप काढता येते. नसेल तर प्रत्येक ट्रेलर काट्यावर घ्यावा लागतो. दोन हजार ट्रेलरांसाठी काट्यावर घेणे अशक्य नाही, आणि निदान सुरुवातीचे काही महिने दोन्ही करून आकडे ताडून पाहावेत असे मी म्हणेन. याहून नाजूक आहे तो १७ क्रमांकाचा रकाना, ज्यात नोंदणीसाठी किंवा प्रत्यक्ष वापरासाठी अभिप्रेत असलेले कमाल भार लिहायचे असतात. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत ओढणारा ट्रक व सेमी-ट्रेलर यांच्या जोडीला सर्वसाधारणपणे ४० टनांची मर्यादा असते, पण नेदरलँड्समध्ये देशांतर्गत वाहतुकीत ५० टनांपर्यंत जाता येते. म्हणजे त्याच कारखान्यातून, त्याच ड्रॉइंगप्रमाणे बनलेल्या दोन ट्रेलरांच्या या रकान्यातील आकडे ते कोणत्या देशात नोंदवले जाणार यावरून वेगळे असू शकतात. हा आकडा डिझाइन विभागाला ठाऊक नसतो, उत्पादनालाही नसतो. तो विक्री विभागाच्या करारात असतो. ग्राहकाने ट्रेलर ऐनवेळी दुसऱ्या देशातील उपकंपनीकडे वळवला तर तो बदलतो. ही साखळी कागदाच्या दिवसांत फोनवर चालून जात असे. आता सीओसीचा डेटा निघण्यापूर्वी नोंदणीचा देश पक्का झालेला असणे ही विक्री विभागाची लेखी जबाबदारी करावी लागेल.

आणि मग तो प्रसिद्ध ५२ क्रमांकाचा रकाना, ‘शेरे’. माझ्या मते कोणत्याही कंपनीच्या सीओसी व्यवस्थेची प्रकृती पाहायची असेल तर गेल्या दोन वर्षांचे ५२ चे शेरे काढून वाचावेत. तेथे जे जे अन्यत्र बसले नाही ते सगळे लिहिलेले सापडते: पर्यायी टायरांची मापे, जादा कपलिंगची क्षमता, एखाद्या देशाच्या कार्यालयाने एकदा कधीतरी मागितली म्हणून कायमची चिकटलेली ओळ, आणि ‘सोबतचे पत्र पाहावे’ असा मजकूरही. यातील काही माहितीला डेटात स्वतःचा रकाना आहे, जसे की पर्यायी टायर आणि चाके. ती शेऱ्यातच ठेवली तर घेणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ती नाहीच. काही माहिती खरोखर शेऱ्याचीच आहे, ती राहू द्यावी. बाकीची का लिहिली जाते हे कोणालाच सांगता आले नाही तर ती काढावी, पण काढण्यापूर्वी त्या देशातील विक्रेत्याला विचारून मगच. मी स्वतः एकदा अशी निरर्थक वाटणारी ओळ उडवली होती आणि तीन आठवड्यांनी कळले की एका देशातील नोंदणी तिच्यावरच चालत होती.

डेटा कोणत्या क्षणी पाठवायचा, हा पुढचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो लवकरच उभा राहील. निर्मितीची तारीख म्हणजे मंजुरीप्रमाणे गाडीची निर्मिती पूर्ण झाल्याचा दिवस, असा कायद्याचा अर्थ आहे. रंगकामानंतर ब्रेकची तपासणी राहिली असेल तर ट्रेलर तयार झालेला नाही. कागद छापून ठेवणे आणि सही नंतर करणे ही पळवाट सगळीकडे होती. शुक्रवारी महिनाअखेरचे सीओसी छापून ठेवायचे आणि सोमवारी ट्रेलर पूर्ण करायचे हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. डेटा एकदा मंजुरी-संस्थेकडे गेला की तो वितरित झालेला जाहीरनामा असतो, टेबलाच्या खणात ठेवलेला कागद नव्हे. म्हणून अंतिम तपासणीचा शेरा ईआरपीमध्ये पडल्याशिवाय संदेश तयारच होऊ नये अशी अट यंत्रात घालावी, आणि ती अट हाताने ओलांडायची मुभा कोणालाही, अगदी कारखान्याच्या प्रमुखालाही, ठेवू नये. उलट बाजूने फार थांबूनही चालणार नाही, कारण विक्रेता नोंदणीला गेला आणि नोंद मिळाली नाही तर ट्रेलर उभा राहतो आणि फोन आपल्याला येतो. अंतिम तपासणी झाली त्याच दिवशी रात्री संदेश जाणे, हा मला योग्य वाटणारा मध्य आहे.

दुरुस्तीची पद्धत त्याच वेळी ठरवावी. चुका होणारच आहेत. नोंदणीपूर्वी सापडलेली चूक आणि नोंदणीनंतर सापडलेली चूक या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिलीत जुनी नोंद मागे घेऊन नवी दिली की प्रश्न मिटतो. दुसरीत आपल्या नोंदीबरोबर त्या देशाच्या नोंदणीतील आकडाही बदलावा लागतो, आणि तो बदल आपोआप होतो असे समजू नये. ट्रेलरच्या मालकाला कळवणे आणि त्याच्या देशातील कार्यालयाला खुलासा देणे हे आपले काम राहते. दुरुस्ती कोणत्या मार्गाने द्यायची, हे आपल्या मंजुरी-संस्थेकडून लेखी घ्यावे. कंपनीतही दुरुस्तीचा अधिकार दोघांनाच असावा आणि प्रत्येक दुरुस्तीमागचे कारण नोंदलेले असावे, कारण उत्पादन-अनुरूपतेच्या, म्हणजे उत्पादन मंजुरीप्रमाणेच होते का याच्या, पुढच्या तपासणीत अधिकारी तीच वही आधी मागतील.

आपले काही ट्रेलर नुसत्या सांगाड्याच्या स्वरूपात बॉडी बनवणाऱ्यांकडे जात असतील, तर आणखी एक गुंतागुंत आहे. टप्प्याटप्प्याने बनणाऱ्या वाहनात पुढच्या टप्प्याचा उत्पादक त्याने स्वतः बदललेले किंवा वाढवलेले रकाने तेवढे भरतो आणि आधीच्या टप्प्यांची सीओसी त्याला जोडतो. कागदावर हे स्टेपलरने होत असे. आता त्या बॉडीवाल्याला आपला डेटा कसा मिळणार, त्याच्या संस्थेची व्यवस्था तयार आहे का, हे आपण विचारायला हवे. अनेक बॉडीवाले छोटे आहेत आणि त्यांच्याकडे आपल्याइतकीही तयारी नसेल. अशा ग्राहकांसाठी काही काळ डेटा आणि कागद दोन्ही द्यावेत, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात: पीडीएफ चालणार नाही, डेटा आपल्या मंजुरी-संस्थेकडे द्यायचा, आणि मेहनतीचा मोठा भाग रकान्यांचे मालक ठरवण्यात, वजने व नोंदणीचा देश यांची माहिती वेळेत गोळा करण्यात, शेरे साफ करण्यात आणि दुरुस्तीचा मार्ग आखण्यात जाणार आहे. हे ध्यानात घेतले की ‘विकत घ्यावे की लिहावे’ या दुसऱ्या प्रश्नाचे वजन कमी होते.

त्याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करतो. वर्षाला दोन हजार ट्रेलर म्हणजे कामाच्या दिवसाला आठ-नऊ संदेश. एवढे एक्सएमएल तयार करणे हे आपल्या केंद्रातील एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमरला जड नाही. पण एक्सएमएलचा साचा कायम राहत नाही. नवा संकेतांक येतो, रकाना वाढतो, संस्थेची सुरक्षेची पद्धत बदलते, आणि त्या प्रत्येक वेळी तो प्रोग्रॅमर कंपनीत असेलच असे नाही. मंजुरी एकाच संस्थेची असेल, रकाने नीट लावून झालेले असतील आणि आपल्या केंद्राकडे ही व्यवस्था पुढची दहा वर्षे सांभाळण्याची जबाबदारी लेखी दिलेली असेल, तर स्वतः लिहावे. मंजुऱ्या दोन-तीन देशांच्या असतील किंवा ही जबाबदारी कोणाची हे स्पष्ट नसेल, तर संदेश तयार करून पोचवण्याचा भाग विकत घ्यावा. दोन्ही परिस्थितीत रकान्यांचा तक्ता आणि मूळ आकड्यांची साठवण मात्र आपल्या हातात ठेवावी. विक्रेता जेव्हा सांगतो की त्याचे साधन प्रत्येक नोंद ‘तपासते’, तेव्हा त्याला विचारावे की काय तपासते. ते बहुधा नोंद साच्यात बसते का हे तपासते. साच्यात व्यवस्थित बसलेला चुकीचा भार ते हसतमुखाने पुढे पाठवून देते.

आणखी एक गोष्ट पुण्यात बसून हे काम करणाऱ्यांनी विसरू नये. तक्ता आपण भराल, संदेश आपल्या सर्व्हरवरून जाईल, तरी जाहीरनामा उत्पादकाचा आहे आणि कायद्यापुढे उत्तरदायी तोच आहे. तेव्हा नेदरलँड्समधील ज्या व्यक्तीची आज कागदावर सही होते, तिने रोज काय पाहून संमती द्यायची हे ठरवावे. आठ नोंदींची यादी, त्यात आधीच्या दिवसापेक्षा वेगळे दिसणारे आकडे ठळक केलेले, आणि खाली एक बटण, एवढे पुरते. सही करणाऱ्याला शंभर रकान्यांची चळत दाखवली तर तो न वाचताच बटण दाबेल. कागदाच्या काळातही तो न वाचताच सही करत होता, हे आपणा दोघांनाही माहीत आहे.

सहा महिन्यांचा वेळ मी असा वाटला असता: पहिले दोन महिने फक्त रकान्यांचा तक्ता, शेऱ्यांची सफाई आणि संकेतांक मंजुरीच्या फायलीशी ताडून पाहणे. त्याच काळात संस्थेकडे चाचणीसाठी नाव नोंदवणे, कारण अखेरच्या महिन्यात सगळेच तेथे रांग लावतील. तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात साधन उभे करणे. शेवटचे दोन महिने कागद आणि डेटा दोन्ही एकाच नोंदीतून काढणे, आणि रोज निदान दोन ट्रेलरांबाबत छापील सीओसी व संदेश शेजारी ठेवून, तिसऱ्या बाजूला प्रत्यक्ष ट्रेलर उभा करून, तिन्ही ताडणे. पाटीवरचा चॅसिस नंबर, टायरवरचे माप, कपलिंगवरची खूण. हे काम कंटाळवाणे आहे आणि कारखान्यातील मंडळी ते दुसऱ्या आठवड्यात टाळू लागतील; तेव्हा ते करणाऱ्याचे नाव वेळापत्रकात लिहावे.

राहिला छापखाना. तो बंद करू नये, लहान करावा. ५ जुलै २०२६ पूर्वी कागदी सीओसीसह गेलेल्या ट्रेलरांचे कागद वैधच राहतात आणि ते हरवतातही. निर्मितीपासून दहा वर्षेपर्यंत मालकाने मागितल्यास कागदी दुय्यम प्रत देण्याचे, आणि तिच्या दर्शनी भागावर ‘दुय्यम प्रत’ असे स्पष्ट दिसेल असे लिहिण्याचे बंधन उत्पादकावर आहे; शुल्क प्रत काढण्याच्या खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही. युरोपीय संघाबाहेर जाणारे ट्रेलर आणि वर सांगितलेले छोटे बॉडीवाले यांनाही कागद लागेल. तेव्हा सुरक्षा कागदाचा एक गठ्ठा कुलपात ठेवावा, त्याच्या क्रमांकांची वही ठेवावी, आणि मुख्य म्हणजे यापुढे निघणारी प्रत्येक कागदी प्रत जुन्या वर्डच्या साच्यातून न काढता संस्थेकडे गेलेल्या त्याच नोंदीतून छापली जाईल असे करावे. तो वर्डचा साचा सर्व संगणकांवरून काढून टाकावा. कोणाच्या तरी डेस्कटॉपवर त्याची एक प्रत उरलेली असतेच, ती आधी शोधावी.